पाच ते सहा तिकडची

माया ही वस्तू अंतराबरोबर वाढत जाते, हे आता सर्व जाणत्यांनी मान्य केलं आहे. एकाच छपराखालच्या माणसाबद्दल ती बेताची असते, शेजाऱ्याबद्दल कामापुरती असते, आणि मधे एखादा समुद्र आला की तिला भरती येते. याचं कारण शास्त्रीय आहे. समुद्रापलीकडच्या मुलाचं नाक आपल्याला पुसावं लागत नाही. त्याचा हरवलेला मोजा शोधावा लागत नाही. ते जेवताना पाण्याचा पेला सांडत नाही (सांडत असेलही, पण तो आपल्या टेबलावर नाही). अशा मुलावर प्रेम करताना जी एकाग्रता साधते, ती घरात साधणं कठीण.

हेडसरांना ही एकाग्रता उत्तम साधली होती.

हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. घरात ते परिपत्रकं काढत. ती फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लागत आणि खाली घरातल्या प्रत्येकाने 'वाचले' असं लिहून सही करायची असे. विषय साधारण असे: 'चपला जोडीने ठेवणेबाबत', 'खोलीबाहेर पडताना दिवे मालवणेबाबत', 'टूथपेस्ट तळापासून दाबणेबाबत (स्मरणपत्र तिसरे)'. मुलगा आणि सूनबाई निमूट सही करत. आठ वर्षांची नात सहीच्या जागी मांजर काढी. आजींची सही कधीच नसे. आजी म्हणत, "चाळीस वर्षं तोंडी ऐकतेय, आता लेखी कशाला?"

नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

दिवाणखान्यात दारासमोरच्या भिंतीवर एक फोटो होता. परदेशातल्या एका अनाथालयातल्या मुलीचा. तिच्या शिक्षणाचा भार हेडसरांनी एका संस्थेमार्फत तीन वर्षांपूर्वी उचलला होता. फोटो अशा कोनात लावला होता की येणाऱ्याची नजर आधी मुलीवर आणि मग, खाली घसरत, आरामखुर्चीतल्या हेडसरांवर पडावी. "ही आमची तिकडची," हेडसर म्हणत, आणि पुढचं पाहुणा विचारील म्हणून थांबत. पाहुणा विचारी. न विचारून जातो कुठे? चहा त्यानंतर यायचा.

भिंगरीचा फोटो भिंतीवर नव्हता. ती स्वतःच घरात असल्यामुळे तशी गरज पडली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं असताना समोरच्या घरातले निवृत्त बँकवाले त्यांच्या तिकडच्या मुलाला प्रत्यक्ष भेटून आले. तेव्हापासून ते जिना उतरतानासुद्धा वर बघत. हेडसरांनी चार दिवस दम काढला आणि पाचव्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "मी तिकडचीला भेटायला जाणार."

"जा की," आजी म्हणाल्या. "जाताना कोपऱ्यावरच्या शिंप्याकडेही जा. तुमची पँट महिनाभर पडलीय. तो जवळ आहे, म्हणून राहून गेलं असेल."

तयारी सुरू झाली. माणूस कुठे निघाला आहे हे त्याच्या बॅगेवरून कळतं आणि तो कशाला निघाला आहे हेही. हेडसरांनी बॅगेत भरलं ते असं: कंपासपेटी, हवा भरून फुगवायचा पृथ्वीगोल, शब्दकोश (मुलीला न येणाऱ्या भाषेचा), चांगल्या सवयींचा रंगीत तक्ता, तो तक्ता टांगायला खिळा, आणि तिकडे हातोडी मिळेल न मिळेल म्हणून हातोडी. स्वतःचे कपडे बसेनात, तेव्हा त्यांनी एक सदरा कमी केला.

आणि मग संस्थेच्या बाई आल्या.

बाई संस्थेच्या इथल्या कचेरीत समन्वयक होत्या. त्यांच्या खांद्याला मोठी झोळी आणि चेहऱ्यावर असंख्य दात्यांना भेटून आलेली एक शांतता होती. त्यांनी चहा घेतला, तिकडचीचा फोटो पाहिला, फोटोखालचे हेडसर पाहिले, आणि सांगितलं की भेटीची परवानगी लगेच मिळत नाही. आधी घरातल्याच एखाद्या मुलाबरोबर दीड महिना सराव-भेट करावी लागते. मग परीक्षा. ती त्या स्वतः घेतात.

"सराव?" हेडसर म्हणाले. "मला? छत्तीस वर्षं मुलांतच गेली माझी!"

"हो ना," बाई सहानुभूतीने म्हणाल्या. "शिक्षकांना आम्ही तीन महिने देतो."

संस्थेचा हा नियम अनुभवातून आला होता. संस्थेने आजवरच्या पाहुण्यांची पाहणी केली, तेव्हा दिसलं की शंभरातल्या एकसष्ट जणांनी मुलाचं नाव विचारायच्या आधी त्याच्याबरोबर फोटो काढला. बावीस जण मुलाला पाहताच रडू लागले आणि मुलाला त्यांची समजूत काढावी लागली (मुलांना आता याची सवय झाली असून एक मुलगा त्यात विशेष प्रवीण आहे). उरलेल्यांनी पाढे विचारले.

"पाढे विचारले तर काय बिघडलं?" हेडसरांनी विचारलं.

बाईंनी झोळीतून नियमांचा कागद काढून दिला. नियम थोडेच होते, पण संस्थेने ते कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केले असावेत असा संशय यावा इतके नेमके होते. मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यावं. त्याचं नाव विचारण्याआधी स्वतःचं सांगावं. प्रश्न विचारला तर उत्तर शेवटपर्यंत ऐकावं. मूल बोलत असताना घड्याळ, फोन किंवा वर्तमानपत्र यांकडे पाहू नये. शक्यतो या वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात. आणि सगळ्यांत कठीण तो पाचवा: मुलाची चूक, मुलाने विचारल्याशिवाय दुरुस्त करू नये.

हेडसरांनी पाचवा नियम तीनदा वाचला. त्यात शुद्धलेखनाची एक चूक होती. ती त्यांनी दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर परिपत्रक लागलं:

'विषय: सराव-भेटीबाबत. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, दररोज सायंकाळी पाच ते सहा या वेळेत घरातील कु. भिंगरी ही तिकडची समजली जाईल. या वेळेत तिच्याशी तदनुसार वागावे. सहा वाजता घंटा होईल व ती पूर्ववत आपली होईल.'

घंटा पितळी होती. निरोपसमारंभात शाळेने ती भेट दिली होती, बहुधा पुन्हा कोणी वाजवू नये म्हणून.

"म्हणजे पाच ते सहा लाड," आजी वाचून म्हणाल्या, "आणि सहानंतर?"

"सहानंतर काय? सहानंतर आपली."

"मग सहानंतर पोरीचं काही खरं नाही."

पहिल्या दिवशी हेडसरांनी दिवाणखान्याच्या दारावर टकटक केली. आत भिंगरी अनाथ मुलीने बसावं तशी बसली होती, म्हणजे तिला जसं वाटत होतं तशी. केस विंचरून, दोन्ही हात मांडीवर. हेडसर नियमाप्रमाणे तिच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत खाली गेले. खाली गेले ते परत येईनात. गुडघ्यांनी संप केला. शेवटी मुलगा आणि सूनबाई यांनी दोन्हीकडून धरून त्यांना उभं केलं आणि स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल आणून दिलं. त्यावर बसून हेडसरांनी स्वतःचं नाव सांगितलं.

भिंगरी बघतच राहिली. "आजोबा! तुम्हाला नाव आहे?"

"तिकडची मुलगी असं विचारणार नाही," हेडसर म्हणाले, आणि लगेच त्यांना पाचवा नियम आठवला. त्यांनी घसा साफ केला. "हो. आहे. तुला काय आवडतं?"

भिंगरीने बराच वेळ विचार केला. आजोबांनी तिला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले होते. सात नव्वे किती, दुसरी चप्पल कुठे आहे, हे कोणी सांडलं. त्या सर्वांची उत्तरं आजोबांना आधीच ठाऊक असत. हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर फक्त तिला ठाऊक होतं.

"गोगलगाय," ती म्हणाली.

आणि मग ती सुटली. मागच्या दारी कुंडीखाली एक गोगलगाय राहते. ती रोज संध्याकाळी फिरायला निघते आणि पायरीपर्यंत पोचायच्या आत सकाळ होते. तिचं घर पाठीवर असल्यामुळे तिला कधीच घरी जायला उशीर होत नाही. तिला दात नसतात, म्हणून ती पानं चोखते.

गोगलगाईला दात असतात. हजारो असतात. हेडसरांना हे माहीत होतं. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एक बरोबर उत्तर घशात आडवं बसलं. आजींनी दारातूनच पाण्याचा पेला पुढे केला. "गिळा," त्या म्हणाल्या. "होईल सवय."

सहाला घंटा झाली. हेडसरांचा चेहरा पूर्ववत झाला. "हं, भिंगरे. सातचा पाढा. आणि गोगलगाईला दात असतात."

शिक्षणशास्त्राचा एक सिद्धांत आहे की सरावाने काहीही साधतं. आठवड्याभरात हेडसरांना ऐकणं साधलं. दोन आठवड्यांत 'मग?' हा शब्द योग्य जागी वापरता येऊ लागला. पाच ते सहा या वेळात हेडसर इतके लोभस दिसत की घरातली माणसं कामं टाकून दारात उभी राहात. एकदा मुलगा कचेरीतून लवकर आला आणि हातातली पिशवी तशीच धरून बघत राहिला.

"माझ्याशी कधी असं बोलले नाहीत बाबा," तो बायकोला म्हणाला.

"शू! ऐकू द्या. गोगलगाईचं लग्न ठरतंय."

त्या रात्री जेवताना तो सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, "बाबा, सहा ते सव्वासहा मला जमेल. मीही तिकडचा होऊ का?"

वयोमर्यादेच्या कारणास्तव अर्ज फेटाळण्यात आला.

या योजनेत एकच अडचण होती, आणि ती भिंगरीची होती. कधी कोण व्हायचं हे तिला नीट कळेना. सकाळी दप्तर भरताना ती विचारी, "आजोबा, आत्ता मी कोण?"

हेडसर पेपरातून घड्याळाकडे बघत. "साडेसात. आत्ता तू आपली."

"बरं," असं म्हणून ती आपलं सांगायचं होतं ते परत दप्तरात ठेवी.

दुपारी शाळेतून येताना गुडघा फुटला, तर दारातूनच, "आजोबा, आत्ता मी कोण?"

"आपली. रस्त्यात धावू नये असं किती वेळा सांगितलंय? जा, धुऊन ये."

तिने गुडघा धुतला, आणि पाच वाजेपर्यंत थांबून, पाच वाजता रडायला घेतलं. पाच वाजता हेडसर स्टुलावर बसले होते. त्यांनी फुंकर घातली, औषध लावलं, कसं पडलीस ते सगळं ऐकलं, रस्त्यातल्या दगडाची निंदा केली. सरावाच्या दृष्टीने तो दिवस उत्कृष्ट गेला, अशी त्यांनी स्वतःला शाबासकीही दिली. आजी कणगीतल्या उंदरासारख्या आत काहीतरी खुडबुडत होत्या. त्या खुडबुडण्यातून "देवा, या माणसाला अक्कल दे, पाच ते सहा तरी" एवढं ऐकू आलं.

मग तो घड्याळाचा प्रकार झाला.

त्या दिवशी पाचला नेहमीप्रमाणे सुरुवात झाली. मनगटावरचं घड्याळ आणि फोन नियमाप्रमाणे आतल्या खोलीत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे, मूल बोलत असताना, बघायचं नव्हतं. मूल श्वास घ्यायला थांबलं की बघायला हरकत नव्हती. हेडसरांनी बघितलं तेव्हा पावणेसहा वाजले होते. ते आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत भिंगरीने खडूने फरशीवर गोगलगाईंच्या शर्यतीचा रस्ता आखला. एक गोगलगाय ती, एक आजोबा. जो मागे राहील तो जिंकला, असा नियम होता, कारण गोगलगाईंच्यात घाई करणाराला हसतात. हेडसर आयुष्यात प्रथमच वेळेपेक्षा मागे राहायचा प्रयत्न करू लागले आणि आश्चर्य म्हणजे त्यात त्यांना गती होती. मधे त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. पावणेसहा. चांगला वेळ आहे अजून. बाहेर अंधारून आलं. ढग असतील, हेडसर म्हणाले. आजी आल्या, घड्याळाकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, दिवा लावला आणि गेल्या.

"तू लबाडी करतोयस!" भिंगरी ओरडली. "तू पुढे गेलास!"

ती एरवी 'तुम्ही' म्हणत असे. हेडसरांनी दुरुस्त केलं नाही. नियमामुळे नाही, त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांचा डावा पाय खरोखरच रेघेपुढे गेला होता आणि तो लपवायच्या ते खटपटीत होते.

मुलगा कामावरून आला तेव्हा आठ वाजून गेले होते. "अजून जेवला नाहीत?"

"आत्ता? पावणेसहाला?" हेडसर म्हणाले.

जागच्या जागी चौकशी समिती बसली. अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सदस्य हेडसर. भिंगरी पुढे आली आणि तिने मूठ उघडली. आत घड्याळाचा सेल होता, घामाने ओला झालेला.

"घड्याळाशी खेळ!" हेडसरांचा आवाज शाळेच्या पटांगणाच्या मापाचा झाला. "याला काय शिक्षा आहे ठाऊक आहे?"

"पण आजोबा," भिंगरी म्हणाली, "घड्याळात अजून पावणेसहाच वाजलेत. मी अजून तिकडची आहे. तिकडचीची चूक तिने विचारल्याशिवाय सांगायची नाही." ती जरा थांबली. "आणि मी विचारत नाहीये."

मुद्दा बिनतोड होता. समिती बरखास्त झाली. सेल परत बसवण्यात आला आणि घरातले सगळे अडीच तासांनी एकदम मोठे झाले.

परीक्षा जवळ आली. बॅग पुन्हा एकदा तपासली गेली. बँकवाल्यांना दोनदा जिन्यात गाठून तारीख सांगून झाली. भिंगरी बॅगेवर बसून पाय हलवत होती.

"आजोबा, तुम्ही पास झालात की जाणार?"

"अर्थात."

"मग पाच ते सहा?"

"संपलं. पास झाल्यावर सराव कशाला?"

"आणि नापास झालात तर?"

हेडसर हसले. हा शब्द त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांबद्दल वापरला होता. "नापास झालेल्याला पुन्हा तीन महिने फेरसराव असतो."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि उतरून शांतपणे निघून गेली.

छत्तीस वर्षं मुलांत काढलेल्या माणसाला, मूल असं 'बरं' म्हणून शांतपणे निघून गेलं की काय समजायचं, ते कळायला हवं होतं. हेडसर हातोडी कुठे बसते ते बघत होते.

परीक्षेच्या दिवशी संस्थेच्या बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. आजी, मुलगा, सूनबाई दारात. हेडसरांनी टकटक केली, स्टुलावर बसले, नाव सांगितलं, प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं, 'मग?' म्हणाले, पुन्हा ऐकलं. भिंगरीने मुद्दाम गोगलगाईला पंख फुटल्याचं सांगितलं. हेडसरांची पापणी लवली नाही. बाईंची पेन्सिल समाधानाने चालत होती. सूनबाईंनी डोळे पुसले. मुलाने ओठ चावला. असं बघायला मिळायचं ते नाटकातच.

"छान," बाई म्हणाल्या. "आता शेवटचं. मुलाला विचारायचा प्रश्न." त्या भिंगरीकडे वळल्या. "आजोबा तुझ्याशी नेहमी असंच बोलतात का गं?"

"माझ्याशी?" भिंगरी म्हणाली. "मी कोण असताना?"

पेन्सिल थांबली.

"म्हणजे?"

भिंगरीने नीट समजावून सांगितलं. कोणाला काही समजावताना चिडू नये, हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं (सहानंतर). "पाच ते सहा मी तिकडची असते. तेव्हा ते खूप छान असतात. मग घंटा होते. मग मी आपली होते. मग पेपर असतो. मी सांगते तेव्हा ते 'हं, हं' म्हणतात, पण ऐकत नाहीत. कारण मी एकदा म्हटलं, आजोबा, स्वयंपाकघरात वाघ आलाय. तर म्हणाले, 'छान. हात धुऊन ये.'"

दारात सूनबाईंच्या तोंडून काहीतरी निसटलं. ते हसू होतं की काय, हे ठरायच्या आत त्या आत गेल्या. हेडसर स्टुलावर बसून होते. स्टूल एकाएकी फारच बुटकं वाटू लागलं होतं.

"झाले ना नापास?" भिंगरीने बाईंना विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"करा ना नापास. तीनच तर महिने. हुशार आहेत ते, पुढच्या वेळी होतील पास." मग तिला काहीतरी आठवलं आणि ती घाईने म्हणाली, "पण पुढच्या वेळीसुद्धा मलाच विचारायचं हं."

समोर बॅग होती. बॅगेत हातोडी होती. जिन्यात बँकवाले होते. हेडसरांनी आयुष्यभर रडवेल्या आईबापांना एकच वाक्य ऐकवलं होतं: निकाल खुल्या मनाने स्वीकारावा. हे वाक्य दुसऱ्या बाजूने किती गैरसोयीचं आहे, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "तपासणी बरोबर आहे. नापास करा."

"करते," बाई म्हणाल्या. त्यांनी काही विशेष समजूत काढली नाही.

"पण तिकडची वाट बघत असेल हो. तिला काय वाटेल?"

बाई झोळी आवरता आवरता थांबल्या. "खरं सांगू, सर? पाहुणे येणार म्हटलं की त्या मुलीला बूट घालावे लागतात. बोटं दुखतात तिची त्यात. आणि दुपारी तिथल्या माळीकाकांबरोबर झाडांना पाणी घालायचं असतं, ते चुकतं. ते तिचं फार आवडीचं. तुम्ही येत नाही म्हटल्यावर बाकी काय वाटेल ते मला सांगता यायचं नाही, पण बूट काढील, एवढं नक्की. तिच्या शाळेचं तेवढं चालू ठेवा. त्याची तिला खरंच गरज आहे."

बूट हेडसरांनीच पाठवले होते. दरवर्षी पाठवत. माप भिंतीवरच्या फोटोवरून घेत असत. फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. पाय अर्थात त्यात थांबले नव्हते.

फेरसराव सुरू झाला. बूट पाठवणं बंद झालं; त्याआधी माप विचारावं लागतं, हा शोध हेडसरांना सत्तरीत लागला. फ्रिजवरच्या परिपत्रकात 'पाच ते सहा' वर काट मारून 'भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे' असं करण्यात आलं, आणि खाली आजींची सही आली, पहिली आणि आजवरची एकमेव. भिंतीवरचं घड्याळ पुन्हा पावणेसहावर थांबलं आहे. सेल कोणी काढला याची चौकशी झालेली नाही, कारण समितीचे अध्यक्ष, सचिव आणि सदस्य यांच्याच सदऱ्याच्या खिशात तो आहे.

माणूस एकदम सुधारला असं मात्र कोणी समजू नये. तसं समजणं शिक्षणशास्त्राला धरून होणार नाही. तीन महिन्यांनी हेडसर पुन्हा परीक्षेला बसले आणि या खेपेला भिंगरीची साक्षही लागली नाही, गोगलगाय सात वेळा नऊ पावलं चालली असं ऐकताच त्यांनी बाईंच्या देखत "म्हणजे किती?" असं विचारलं. तेही नापास धरण्यात आलं. बँकवाले भेटले की विचारतात, "काय हेडसर, कधी निघताय?" हेडसर म्हणतात, "अभ्यास चालू आहे." बँकवाले वर बघत निघून जातात. त्यांच्या घरी दोन नातू आहेत, असं ऐकिवात आहे.

संस्थेच्या बाईंचं मत असं पडलं आहे की हेडसर हे काही अपवाद नव्हेत. अशा माणसांची एक मोठी पाहणी करावी म्हणतात. पण त्यासाठी लांब कुठे जायला नको. तुम्ही आत्ता एका दूरच्या मुलीची आणि एका जवळच्या मुलीची ही गोष्ट इतका वेळ मन लावून वाचलीत. एवढ्या वेळात आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी हाक मारली. तुम्ही 'हं' म्हणालात. पुन्हा मारली, तेव्हा 'आलोच, एवढं संपवून' म्हणालात. कोण होतं आणि काय सांगत होतं, हे तुम्हाला आता आठवत नाही. आठवण्याचं कारणही नाही. ते आपल्यातलंच कोणीतरी असणार.

तर हे संपलं आहे. आत जाऊन या. वाघ असू शकतो.